चार जणांत बेसबॉल संघ कसा सांभाळायचा? प्रशिक्षकांमध्ये कामांची वाटणी हवी आहे

फोंडा_मैदान

नमस्कार. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक आहे. यंदा मुलांचा बेसबॉल संघ उभा करायचं ठरलं आहे. २३ मुलं आली आहेत: नऊ क्रिकेटवाले, पाच फुटबॉलवाले, चार खो-खोचे, दोन भालाफेकीचे आणि तीन अगदी कोरे.

शिकवायला चार माणसं आहेत. एक मी (मूळ खेळ अॅथलेटिक्स). सॉफ्टबॉलचे एक प्रशिक्षक सोमवार, बुधवार, शुक्रवार येऊ शकतात. महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी वेगवान गोलंदाज होता, तो रोज यायला तयार आहे. चौथा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. त्याचा गुडघा दुखावलाय, तो खेळणार नाही, पण हुशार आहे, आकडेमोडीत पक्का आहे.

मैदान जांभ्याचं, वर विरळ गवत, खडे भरपूर. मंगळवार-गुरुवार फुटबॉलकडे असतं. जूनपासून चतुर्थी उलटेपर्यंत मैदान विसरायचं, तेव्हा फक्त बॅडमिंटनचा हॉल. सामने हिवाळ्यात. सत्तरी आणि धारबांदोड्याच्या मुलांना बस गाठायची असते, म्हणून सहाच्या पुढे सराव जात नाही.

विचारायचं ते असं की कोणाला काय द्यावं? कुठल्या कामासाठी वेगळा माणूस नसला तरी भागतं? आणि पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारे) किती तयार करायचे? दोन चांगले असले की पुरे, असं सगळे म्हणतात.

---

तिसरा_बेस

सर, चार माणसं म्हणजे कमी नाहीत. अमेरिकेत एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागातल्या महाविद्यालयांनासुद्धा २०२३ मध्ये मानसेवी प्रशिक्षकाचं पद रद्द झालं तेव्हा एक मुख्य आणि तीन सहायक अशीच मर्यादा ठरली. फरक इतकाच, की तिथे प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि आपल्याकडे चौघेही फलंदाजी बघत उभे राहतात.

आधी पिचरचं गणित, कारण वाटणी त्यावरूनच निघते. नवशिक्या संघात चार बॉलवर (स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर गेलेल्या चेंडूंवर) फुकट बेस देण्याचं प्रमाण मोठं असतं. एका इनिंगला २०-२२ पिच (पिचरने टाकलेले चेंडू) सहज जातात. सात इनिंगचा सामना धरला तरी साधारण १५० पिच. अमेरिकेत ‘पिच स्मार्ट’ नावाची मर्यादा-सारणी वापरतात. १७-१८ वयाला दिवसाला कमाल १०५, १९ ते २२ ला १२०. पण तुमच्यासाठी कमाल आकडा महत्त्वाचा नाही, विश्रांतीचा आहे. ३० पिचपर्यंत दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतं, ३१ ते ४५ ला एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, त्यापुढे चार किंवा जास्त. महाविद्यालयांच्या स्पर्धांमध्ये रोज सामना असू शकतो. पहिल्या दिवशी ४५ वर थांबवलेला मुलगा तिसऱ्या दिवशी मिळतो, ४६ वी पिच टाकली की चौथ्या दिवशी. म्हणजे एका सामन्याला चार जण, दोन दिवसांना आठ. २३ मधून सात-आठ मुलांना पिच टाकता आलीच पाहिजे. ‘दोन चांगले असले की पुरे’ हे एका सामन्यापुरतंसुद्धा खरं नाही. दोघांवर १५० पिच म्हणजे प्रत्येकी ७५, आणि मग पुढचे तीन दिवस दोघेही बाकावर.

म्हणून पिचरचे खांदे-कोपर एकाच माणसाच्या ताब्यात हवेत. तो तुमचा माजी गोलंदाज. त्याच्याकडे एक वही: तारीख, नाव, सरावातल्या पिच, सामन्यातल्या पिच, दुसऱ्या दिवशी हात कसा आहे. ‘हा आज टाकणार नाही’ असं तो म्हणाला की मुख्य प्रशिक्षकानेही ते मानायचं, मग सामना कितीही अटीतटीचा असो. हे पहिल्याच दिवशी मुलांसमोर सांगून टाका. छोट्या संघात बिघडतं ते इथेच. मुख्य प्रशिक्षक एक सांगतो, पिचिंगचा दुसरं, आणि पोरगा उत्साहात तिसरंच करतो.

बाकीची वाटणी अशी करावी. तुम्ही मुख्य: लाइनअप (फलंदाजीचा क्रम), सामन्यात तिसऱ्या बेसचा कोच (बेसजवळून रनरला पळ-थांब सांगणारा), धावणं आणि बेसरनिंग. अॅथलेटिक्सवाल्या माणसाने बेसरनिंग दुसऱ्या कोणाला देऊ नये. सॉफ्टबॉलचे सर: फलंदाजी आणि इनफिल्ड (बेसांजवळचं क्षेत्ररक्षण). विद्यार्थी: पिचमोजणी, स्कोअर आणि पहिल्या बेसचा कोच. आउटफिल्डसाठी (लांबच्या क्षेत्ररक्षणासाठी) वेगळा माणूस नसला तरी चालतं, फंगो बॅटने उंच चेंडू मारता येणारा कोणीही ते करतो. फंगो म्हणजे प्रशिक्षकाची लांब, हलकी बॅट. ती एक घ्याच. साध्या बॅटने शंभर ग्राउंडर (जमिनीलगतचे चेंडू) मारले की मारणाऱ्याचं मनगट भरतं आणि शेवटचे तीस चेंडू कुठेही जातात.

वेळ सव्वाचार ते सहा धरून: १० मिनिटं धावणं-ताणणं, १२ मिनिटं चेंडूफेक (१० मीटरपासून सुरू करून ३० पर्यंत), मग तीन ठिकाणं प्रत्येकी २० मिनिटं, १५ मिनिटं संघाचं क्षेत्ररक्षण, शेवटची ८ मिनिटं बेसरनिंग. तीन ठिकाणं म्हणजे टी (चेंडू ठेवायचा दांडा) व जाळीतली फलंदाजी, इनफिल्डचे ग्राउंडर, आणि पिचर-कॅचर (कॅचर म्हणजे फलंदाजामागे पिच पकडणारा). एका ठिकाणी सात-आठ मुलं येतात. याहून जास्त झाली की निम्मी नुसती उभी राहतात.

मुलं निवडताना खेळाचं नाव बघू नका, फेक बघा. भालाफेकवाले आधी तपासा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेकपटूच होते. त्यानंतर सीमारेषेवरून सपाट फेक करणारे क्रिकेटपटू. वेगवान गोलंदाज आपोआप पिचर होत नाही. त्याला धाव घेऊन सरळ हाताने टाकायची सवय असते, इथे धाव नाही आणि कोपर वाकतं. त्याचे पहिले दोन आठवडे चेंडू होम प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) अलीकडेच टप्पा खातात आणि पुढचा पाय आडवा पडतो. रबरापासून (पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून) होम प्लेटकडे चुन्याची एक रेघ मारा, पुढचा पाय तिच्यावर किंवा तिच्या जवळच पडला पाहिजे. निम्मा दोष तेवढ्याने जातो.

---

चिरेखाण

पिचिंगचं बोलताय, पण टाकायचं कुठून? सपाट जमिनीवर दोन महिने सराव करून मुलगा सामन्यात माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) चढला की त्याचा प्रत्येक चेंडू उंच जातो. उतारामुळे पुढचा पाय उशिरा टेकतो आणि हात आधी सुटतो.

नियमातला माउंड असा: व्यास १८ फूट, रबर होम प्लेटच्या पातळीपेक्षा १० इंच उंच, रबराची पुढची कड प्लेटच्या मागच्या टोकापासून ६० फूट ६ इंच म्हणजे १८.४४ मीटर. माउंडचा मध्य प्लेटपासून ५९ फुटांवर, रबर त्याच्या १८ इंच मागे. रबराच्या पुढे ६ इंच सपाट, तिथून दर फुटाला एक इंच उतार.

फुटबॉलच्या मैदानात हे कायमचं बांधता येणार नाही आणि मातीचं बांधलं तर पहिल्याच पावसात वाहून जाईल. लाकडी हलता माउंड करा. १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, ८ बाय ४ फुटांची दीड शीट. लांबी १२ फूट: मागे २ फूट सपाट, पुढे १० फूट उतार. अर्ध्या शीटचे दोन फुटांचे दोन तुकडे करायचे. एक सपाट भागाला, एक उताराच्या वरच्या दोन फुटांना. हा झाला चार फुटांचा मागचा खोका. उरलेली आठ फुटी शीट म्हणजे पुढचा खोका. दोन्ही बोल्टने जोडायचे, म्हणजे उचलून हॉलमध्ये नेता येतात. मोठ्या खोक्याला चार मुलं लागतील.

खालच्या आडव्या पट्ट्या दर फुटाला. सुतार इथे हमखास चुकतो: तो पट्टी दहा इंचांची कापतो आणि वर प्लाय बसवल्यावर उंची पावणेअकरा होते. प्लायची पाऊण इंच जाडी वजा करा. सपाट भागाच्या सगळ्या पट्ट्या सव्वानऊ इंच, उतार सुरू होतो तिथेही सव्वानऊ, मग प्रत्येक फुटाला एक इंच कमी: सव्वाआठ, सव्वासात, असं करत आठव्या फुटाला सव्वा इंच आणि नवव्याला पाव इंचाची नुसती पट्टी. खोके जोडतात तिथे (उताराचा दुसरा फूट) दोन्ही खोक्यांना आपापली पट्टी हवी, एकावर भागवू नका. पुढचा पाय सांध्याच्या बराच पुढे, रबरापासून पाच-एक फुटांवर पडतो. तिथे पट्ट्यांच्या मध्ये आणखी एक आधार घाला. प्लाय आधी तिथेच दबतं.

रबर २४ बाय ६ इंच. ते उतार सुरू होण्याच्या ६ इंच मागे बसवलं की त्याच्या मागे फक्त एक फूट उरतो. मागे पाऊल टाकून विंडअप (टाकण्याआधीचा झोका) घेणाऱ्याचा पाय खाली जाईल. त्यामुळे या माउंडवर सगळ्यांनी स्ट्रेचमधूनच (मागे पाऊल न टाकता, आडवं उभं राहून) टाकायचं. नवशिक्यांना तसंही तेच बरं.

वरून कृत्रिम गवत चिकटवा. काथ्याची मॅट क्रिकेटला ठीक आहे, पण आपल्या हवेत ती ओल धरते आणि खालचं प्लाय फुगतं. लोखंडी स्पाइक्सना बंदी, रबरी तळव्याचे बूट. सगळ्या कडांना आणि कापलेल्या टोकांना रंगाचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

सामन्याचं यजमानपद आलं तर मातीचा माउंड करावाच लागेल. मैदानावरची तांबडी माती तशीच टाकू नका, खड्यांमुळे ती बसत नाही आणि पाय पडतो तिथे खळगा होतो. पाव इंचाच्या चाळणीने चाळा, त्यात शेतातली चिकणमाती मिसळा आणि एकेक इंचाचा थर ओला करून धुम्मसाने ठोकत चढवा. दहा इंच एकदम भरून वर रोलर फिरवला तर वरून टणक आणि आत भुसभुशीत, तिसऱ्या इनिंगला खड्डा.

---

मास्कच्या_आड

तिसरा_बेस यांचं पिचरचं गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच मांडलंय. आठ पिचर, आठवड्याला दोन वेळा प्रत्येकी ३० पिच म्हणजे ४८० चेंडू. ते पकडणार कोण? एक कॅचर असेल तर तिसऱ्या आठवड्यात त्याचा डाव्या हाताचा अंगठा सुजतो आणि गुडघे बोलायला लागतात. तीन कॅचर हवेत. आणि सॉफ्टबॉलचे सर फलंदाजीला नकोत, कॅचरना द्या.

कारण सांगतो. सॉफ्टबॉलमधलं बेसबॉलला जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं ते कॅचिंग: बसण्याची ढब, चेंडू अडवणं, खुणा देणं. इनफिल्डमध्ये अंतर बदलतं. तिथे बेस ६० फुटांवर, इथे ९० फुटांवर. सॉफ्टबॉलचा माणूस शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूला) सवयीने पुढे उभा करतो आणि बाजूने जाणारे सगळे चेंडू आउटफिल्डला जातात. पिचिंग तर पूर्णच वेगळं. म्हणजे सरांचे तीन दिवस: पहिली २० मिनिटं कॅचर, मग इनफिल्ड, पण अंतरं टेपने मोजून. टीवरची फलंदाजी मुख्य प्रशिक्षक सांभाळू शकतो. तिथे बघायचं थोडंच असतं: डोकं स्थिर आहे का, आणि क्रिकेटसारखी बॅट सरळ खाली येते की चेंडूच्या पातळीत फिरते.

यष्टिरक्षकाला लगेच कॅचर करायचा मोह होतो. हात चांगले असतात, मान्य. पण तो चेंडूबरोबर ग्लोव्ह मागे घेतो. इथे मागे घेतलेला चेंडू पंचाला बॉल दिसतो, ग्लोव्ह जागीच थांबला पाहिजे. दुसरं, टप्पा पडलेला चेंडू तो पकडायला जातो. कॅचरने तो पकडायचा नसतो, छातीने थांबवायचा असतो. दोन्ही गुडघे जमिनीला, ग्लोव्ह पायांच्या मध्ये, हनुवटी खाली, खांदे पुढे झुकलेले, म्हणजे चेंडू समोरच पडतो. सुरुवात टेनिसच्या चेंडूंनी, पाच मीटरवरून, १५-१५ चे दोन फेरे, हात पाठीमागे बांधल्यासारखे. खऱ्या चेंडूने सुरुवात केली की मुलगा मान वळवायला शिकतो आणि ती सवय नंतर सुटत नाही. मान वळली की गळा आणि कान उघडे पडतात.

उजवा हात पायाच्या घोट्यामागे किंवा ग्लोव्हच्या मागे मुठीत. उघडा ठेवला तर बॅटला चाटून आलेल्या चेंडूने बोट मोडतं.

दुसऱ्या बेसची फेक ३८.८ मीटर. चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्यापासून दुसऱ्या बेसच्या ग्लोव्हपर्यंत व्यावसायिक कॅचरला दोन सेकंद लागतात. तुमच्या मुलांचा २.४ च्या आत आला तर उत्तम समजा. एक टप्पा टाकून फेकलेलं गवतावर चालतं, पण तुमच्या जांभ्यावर खड्याला लागून तो टप्पा कुठे जाईल याचा नेम नाही. थेट फेकच शिकवा, थोडी हळू असली तरी.

आणि बुलपेनमध्ये (पिचर गरम होतात त्या जागी) पकडणाऱ्यानेसुद्धा मास्क, गळ्याची पट्टी, छातीचं कवच, पायाचे पॅड आणि गार्ड घालायचंच. यात क्रिकेटचं हेल्मेट धरू नका. साहित्याचे दोन संच तरी लागतात. बजेट अपुरं पडलं तर बॅट कमी घ्या.

---

फोंडा_मैदान

सगळ्यांचे आभार. सॉफ्टबॉलचे सर कॅचर आणि इनफिल्डला, हे पटलं. सुतारालाही विचारलं, दीड शीटचं तो करून देईल.

आणखी तीन गोष्टी. पहिल्या बेसला विद्यार्थ्याला उभा केला तर स्कोअर कोण लिहिणार? दुसरं, सॉफ्टबॉलमध्ये लीड (पिचआधीच बेस सोडून पुढे सरकणं) घेता येत नाही, मग स्टील (पिच पडतानाच पुढचा बेस पळून गाठणं) आणि पिकऑफ (पुढे सरकलेल्या रनरला बेसकडे फेकून बाद करणं) कोणी शिकवायचं? तिसरं, गोलंदाज म्हणतोय की इनस्विंग-आउटस्विंग मुलांना माहीतच आहे, तेव्हा कर्व्ह (फिरकीने वळणारी पिच) आत्तापासूनच सुरू करू.

---

नोंदवही

स्कोअर आणि बेस कोचिंग एकाच माणसाकडे नको. विद्यार्थ्याला डगआउटमध्येच (संघाच्या बाकावर) बसवा, पहिल्या बेसला तुमचाच एखादा राखीव खेळाडू चालतो. नियमाप्रमाणे बेस कोच गणवेशात हवा, तो प्रशिक्षकच असावा असं नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक इनिंगनंतर समोरच्या संघाच्या स्कोअररशी पिचचा आकडा जुळवून घ्यायचा. सामना संपल्यावर जुळवायला गेलात तर पाच-सातचा फरक निघतो आणि ४५ ची मर्यादा अर्थहीन होते. पिचर ३५ वर पोचला की त्याने तोंडी सांगायचं, म्हणजे पुढचा मुलगा गरम व्हायला लागतो.

बेस कोचना हेल्मेट द्या. जुलै २००७ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा ड्रिलर्स संघाचे पहिल्या बेसचे कोच माइक कूलबॉ यांचा सामन्यात जोरात आलेला फाउल चेंडू लागून मृत्यू झाला. त्यानंतर २००८ पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. राखीव मुलगा तिथे उभा करणार असाल तर त्याला हे आधी सांगा, नाहीतर तो टोपी घालून गप्पा मारत उभा राहतो.

पहिल्या बेसच्या कोचच्या हातात स्टॉपवॉच. समोरचा पिचर स्ट्रेचमध्ये हलायला लागल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंतचा वेळ तो घेतो. चांगला पिचर १.३ सेकंद, कच्चा १.६ किंवा जास्त. त्यात कॅचरचे २.२ मिळवा. बेरीज ३.५ च्या खाली असली की फक्त सगळ्यात वेगवान मुलगाच पळवा, ३.८ असली की खो-खोचे चारही पळवता येतात. दुसऱ्या इनिंगपर्यंत हा आकडा तिसऱ्या बेसच्या कोचकडे पोचला पाहिजे.

तिसऱ्या बेसचा कोच, म्हणजे तुम्ही. रनर दुसऱ्या बेसवरून निघाला की बेसपाशी थांबू नका, होम प्लेटच्या दिशेने खाली सरका. रनरला तुम्ही शेवटपर्यंत दिसता आणि थांबवायला पाच-सहा पावलं जास्त मिळतात. बघायचं चेंडूकडे नाही, आउटफिल्डरच्या शरीराकडे: तो चेंडूमागून पुढे येतोय की आडवा धावतोय. आडवा धावणारा लगेच फेकू शकत नाही. आणि रनरला हात लावून ढकलू किंवा थांबवू नका, कोचने अंगाने मदत केली तर रनर बाद. हाक एकच, मोठ्याने. ‘बॅक’ ठरवलं असेल तर ‘थांब’, ‘राव’, ‘स्टॉप’ असं तीन भाषांत ओरडू नका, मुलगा तिन्हीच्या मध्ये अडकतो.

लीड आणि पिकऑफ तुम्ही आणि गोलंदाज मिळून शिकवा, कारण त्यातलं नियमांचं ओझं पिचरवर आहे. नवीन संघ बॉकवर (पिचरच्या नियमबाह्य हालचालीवर) भरपूर बेस फुकट देतो. चार चुका हमखास होतात. स्ट्रेचमध्ये हात एकत्र आणल्यावर पूर्ण थांबत नाहीत. पहिल्या बेसकडे फेकताना आधी हात फिरतो आणि पाय त्या दिशेने पडतच नाही. रबरावर पाय असताना पहिल्या बेसकडे नुसता हूल देतात, तो बॉक आहे (२०१३ पासून मेजर लीगच्या नियमांत तिसऱ्या बेसकडची हूलही बॉक धरतात). आणि रबरावर उभं असताना चेंडू हातातून पडतो. रोज शेवटची पाच मिनिटं बेसवर रनर ठेवून फक्त हेच, विद्यार्थी पंच. सॉफ्टबॉलच्या सरांना त्यात ओढू नका, त्यांच्या खेळात रनर पिच सुटेपर्यंत बेसवरच असतो.

एक नियम प्रशिक्षकांनीच पाठ करायचा: एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा माउंडवर गेलात की त्याला काढावंच लागतं. तुम्ही आणि गोलंदाज वेगवेगळे जाऊन आलात तरी दोन फेऱ्या झाल्या. माउंडवर कोण जाणार हे आधी ठरवून टाका.

---

तिसरा_बेस

मास्कच्या_आड यांची दुरुस्ती मान्य. सॉफ्टबॉलच्या सरांना कॅचरच द्या.

कर्व्हचं: नको. स्विंग शिवणीच्या कोनामुळे आणि हवेमुळे होतो, मनगट सरळ राहतं. कर्व्हला चेंडूवर पुढच्या बाजूने फिरकी द्यावी लागते. ती न जमणारा मुलगा कोपरातून पिळतो. आधी फास्टबॉल, शिवणीवर दोन बोटं आडवी. मग चेंज-अप: चेंडू तळव्यात खोल, तीन-चार बोटांनी धरलेला, हाताचा वेग मात्र तोच. दहापैकी सहा चेंज-अप स्ट्राइक पडायला लागल्या की मग कर्व्हचं बोलू. महाविद्यालयीन पातळीवर या दोनच चेंडूंनी सामने निघतात.

गोलंदाजाला एक गोष्ट ठासून सांगा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर बाम चोळून परत उभा करायचं नाही. तिथे अल्नर कोलॅटरल लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) असतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर त्याचीच पहिली शस्त्रक्रिया केली, आणि आजही तीनंतर परत पिच टाकायला वर्ष-दीड वर्ष जातं. मांसपेशी भरणं वेगळं, ते हाताच्या वरच्या आणि मागच्या बाजूला असतं आणि दोन दिवसांत जातं. आतल्या बाजूचं दुखणं म्हणजे टाकणं बंद, डॉक्टर. त्या मुलाला कॅचर म्हणूनही उभा करू नका. कॅचर प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकतो, हाताला विश्रांती मिळत नाही. निरोगी पिचरलाही त्याच दिवशी कॅचर करणं टाळाच.

पावसाळ्याचा उपयोग आहे. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४ मीटर लांब, दोन लागोपाठ असतील तर पावणेसत्तावीस. पिचला १८.४४, मागे कॅचर आणि जाळी, पुढे माउंडची जागा धरून २४ मीटर पुरतात. जून-जुलैत फक्त फेक, माउंडशिवाय. ऑगस्टमध्ये माउंडवर १५ पिच, आठवड्यातून दोनदा, दर आठवड्याला पाच वाढवत ३५ पर्यंत. त्यापुढचं सामन्यातच. चतुर्थीच्या सुट्टीत घरी गेलेला मुलगा परत आला की त्याला दोन पायऱ्या मागे न्या. सगळे परतून आले आणि त्याच आकड्यावर सुरू झाले, की दुखापती त्याच आठवड्यात होतात.

आणि स्लाइड (घसरत बेस गाठणं) पावसाळ्यातच शिकवा. ओल्या गवतावर, पाऊस थांबलेला असताना, आधी बुटांशिवाय. खो-खोवाले डोक्याने झेप घेतात, त्यांना पाय पुढे करून घसरायला लावा: एक पाय दुमडलेला, दुसरा बेसकडे, दोन्ही हात वर. डिसेंबरमध्ये कोरड्या जांभ्यावर शिकवायला गेलात तर पहिल्याच दिवशी मांड्या सोलवटतात आणि मग कोणी घसरतच नाही.

---

बंदरावरचा

साहित्याचं कोणी बोललं नाही. हॉलमधल्या कपाटात जून ते सप्टेंबर कातडी ग्लोव्ह ठेवलेत तर पांढरी बुरशी येणारच. कपाटात ४० वॅटचा साधा बल्ब पेटता ठेवा, दाराला दोन भोकं, ग्लोव्ह बल्बपासून हातभर लांब. ओला झालेला ग्लोव्ह उन्हात टाकू नका, कातडं तडकतं. पुसून, खोबणीत चेंडू घालून पंख्याखाली. खोबरेल चोपडायची सवय असते, त्याने ग्लोव्ह जड होतो आणि बुरशीला खाऊ मिळतं. चामड्यासाठीचं क्रीम बोटभर, वर्षातून दोनदा पुरे.

चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. भिजला की जड होतो, सुकल्यावर शिवण फुगते. भिजलेले चेंडू वेगळ्या पिशवीत, खूण करून, फक्त टीच्या फलंदाजीला. पिचरच्या हातात ते देऊ नका.

जाळीसाठी ट्रॉलरची जुनी जाळी स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. उन्हाने दोरा कुजलेला असतो, बोटांनी ओढला तर तुटतो. भोक ४५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, दोरा क्रिकेटच्या नेटचा जाड नायलॉन. समोरून चेंडू टाकणाऱ्यासाठी एल आकाराची जाळी, सात बाय सात फूट, एक इंची जीआय पाइप, वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड दरवर्षी. आपल्या खाऱ्या हवेत पाइप आधी तिथेच खातो. चेंडू सोडला की टाकणाऱ्याचं डोकं आणि हात जाळीमागे गेलेच पाहिजेत.